किस्सा मराठीत, निष्कर्ष इंग्रजीत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हल्ली ज्याला पॉडकास्ट म्हणतात, तो प्रकार आता बहुतेकांच्या घरी पोहोचला आहे. सकाळी फिरताना, भाजी निवडताना, लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करताना माणसे कानात इअरफोन घालून दोघांच्या गप्पा ऐकत असतात. शब्द तसा तरुण आहे. २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या लेखात तो वापरला. आयपॉड या यंत्राचे नाव आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे प्रक्षेपण, यांची ती जोडणी. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. शब्द मात्र राहिला.

नभोवाणीवरचे भाषण आणि पॉडकास्ट यांत एक मोठा फरक आहे. मी आत्ता तुमच्याशी बोलते आहे ती समोर कागद ठेवून. हे भाषण आधी लिहिले, वाचून पाहिले, वेळेत बसवले. पॉडकास्टमध्ये असा कागद सहसा नसतो. 'अमुक तमुक', 'मित्रम्हणे' यांसारख्या मराठी कार्यक्रमांत पाहुणा येतो, बसतो आणि निवांत बोलतो. त्यामुळे माणसे घरात, कट्ट्यावर, कचेरीत खरोखर जशी बोलतात, तशी भाषा आपल्याला ऐकू येते. आणि ती भाषा, तुम्हाला ठाऊकच आहे, निव्वळ मराठी नसते.

समजा, एखादी पाहुणी सांगते आहे : ''तेव्हा मी जॉब सोडला होता, सेव्हिंग संपत आलं होतं आणि आईला फेस करायची हिंमत नव्हती. ॲण्ड दॅट्स व्हेन आय रिअलाइज्ड की आपल्याला नक्की काय हवंय.'' हे वाक्य मी तयार केलेले आहे, पण असे वाक्य ऐकले नाही असे म्हणणारा श्रोता विरळाच.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास येतात. एक, मराठीची पार वाट लागली. दुसरी, भाषा वाहती असते, तिला वाहू द्या. मी बरीच वर्षे महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवले आणि ही दोन्ही मते वर्गात सारख्याच तावातावाने मांडलेली ऐकली. दोन्हींत एक समान गोष्ट आहे. ती मांडणारे लोक वाक्य नीट ऐकत नाहीत. आज आपण ते नीट ऐकू.

वरच्या उदाहरणात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. 'जॉब', 'सेव्हिंग', 'फेस' हे शब्द मराठी वाक्यात येऊन बसले. वाक्य मराठीच राहिले. भाषेचे अभ्यासक याला कोड-मिक्सिंग म्हणतात, आपण भाषामिश्रण म्हणू. नंतर मात्र बोलणारीने रूळच बदलले. 'ॲण्ड'पासून 'की'पर्यंतचा तुकडा सबंध इंग्रजी आहे, आणि 'की' म्हटल्यावर गाडी पुन्हा मराठीच्या रुळावर आली. हे कोड-स्विचिंग, म्हणजे भाषापालट. अभ्यासक या दोन शब्दांच्या व्याख्या निरनिराळ्या करतात, पण आपल्या कामापुरता हा फरक पुरेसा आहे. तो लक्षात ठेवा, कारण माझे सगळे म्हणणे त्यावरच उभे आहे.

आधी मिश्रणाकडे पाहू. अरविंद जोशी हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. १९२९ साली पुण्यात जन्मलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणक आणि भाषा यांवर संशोधन करीत. २०१७ साली ते निवर्तले. १९८२ मध्ये प्राग शहरात संगणकीय भाषाविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे त्यांनी एका वाक्यात दोन भाषा कशा नांदतात यावर निबंध सादर केला, आणि त्यासाठी उदाहरणे घेतली ती मराठी-इंग्रजी मिश्र बोलण्याची! सुशिक्षित मराठी घरांत चालणारी ही 'भेसळ' जागतिक परिषदेत विचारार्थ ठेवली गेली.

जोशींना आढळले की ही भेसळ वाटेल तशी होत नाही, तिला नियम आहेत. एक भाषा घर असते आणि दुसरी पाहुणी. घर मराठीचे असेल तर नामे, विशेषणे, क्रियेची नावे इंग्रजीतून येतील. पण वाक्य बांधणारे बारीकसारीक दुवे, म्हणजे विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्यये, सहायक क्रियापदे, ही मराठीच राहतील. तुम्हीच कानाने तपासून पाहा. 'मी उद्या मीटिंग अटेंड करणार आहे' हे सगळे म्हणतात. 'मी उद्या सभेला हजर राहणार ॲम' असे कोणी म्हणत नाही. 'लॅपटॉपवर' म्हणतात, 'लॅपटॉप ऑन ठेवलंय' म्हटले तर त्याचा अर्थच वेगळा होतो. हा नियम कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही, तरी पाचवीतले पोरही तो मोडत नाही.

दुसरा एक समज असा, की ज्याला कुठलीच भाषा धड येत नाही तो भाषा मिसळतो. शाना पॉपलॅक या संशोधिकेने न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन वस्तीतल्या लोकांचे स्पॅनिश-इंग्रजी बोलणे तपासले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधातला निष्कर्ष या समजाच्या नेमका उलटा होता. वाक्याच्या मधोमध सफाईने भाषा पालटणारे लोक दोन्ही भाषांत तरबेज होते. ज्यांची एक भाषा कच्ची होती, ते 'यू नो' यांसारखे सुटे तुकडे वाक्याच्या कडेला चिकटवण्यावरच बहुधा भागवत. मधोमध पालटायचे तर दोन्ही भाषांची वीण ठाऊक असावी लागते.

आणि मराठीला मिश्रण नवे थोडेच आहे? खर्च करणे, कबूल करणे, जाहीर करणे ही क्रियापदे घ्या. खर्च, कबूल, जाहीर हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीने त्यांना 'करणे' जोडून आपलेसे केले. 'अटेंड करणे', 'फॉरवर्ड करणे' हा तोच साचा आहे, माल तेवढा नवा. 'गैरसोय' शब्दात 'गैर' अरबी आणि 'सोय' आपली. 'दरवर्षी'मध्ये 'दर' फारसी आणि 'वर्ष' संस्कृत. एका शब्दाच्या पोटात दोन भाषा, आणि आपल्याला पत्ताही नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले; विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द रूढ केले. हे प्रयत्न वाया गेले असे मुळीच नाही. तरीही सरकार, अर्ज, वकील, जमीन, तारीख हे शब्द जागचे हलले नाहीत. ज्याला त्याला आपापले काम मिळाले.

परका शब्द घरचा झाला की नाही हे ओळखायची एक सोपी खूण सांगते. मराठी नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते. बँक आपल्याकडे इतकी मुरली, की आपण 'बँकमध्ये' म्हणण्याऐवजी सहज 'बँकेत' म्हणतो. 'पेन्सिलीने', 'कंपनीत', 'टेबलावर' हेही तसेच. 'लॅपटॉप' अजून 'लॅपटॉपा'वर गेलेला नाही आणि 'पॉडकास्टा'त बोलायलाही जीभ अडखळते. हे पाहुणे अजून ओटीवर आहेत. काही आत येतील, काही ओटीवरूनच परत जातील.

तेव्हा शब्दांच्या मिश्रणाची मला फार धास्ती वाटत नाही. उलट एक गोष्ट सावध करणारी आहे, आणि ती सांगलीजवळच्या कुपवाडने शिकवली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये या गावाविषयी लिहिलेला निबंध भाषाविज्ञानात जगभर शिकवला जातो. गावात जैनांच्या घरी कन्नड, मुस्लिमांच्या घरी उर्दू, इतर अनेकांच्या घरी मराठी, थोडी तेलुगूही. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून, एकमेकांशी बोलून या भाषांचे व्याकरण इतके सारखे झाले, की एका भाषेतले वाक्य जागच्या जागी शब्द बदलून दुसरीत नेता यावे. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले होते, कारण आपण कोणत्या घरचे हे शब्दांवरून कळायचे.

म्हणजे शब्द शुद्ध राहूनही आतला सांगाडा बदलू शकतो. आपल्याकडे 'माझी मदत कर' म्हणणारी मुले आता घरोघरी आहेत. वाक्यात एकही परका शब्द नाही, पण बांधणी हिंदीची. मराठीत 'मला मदत कर' म्हणतात. 'दिवसाच्या शेवटी काय, तर पैसा लागतोच' असे कोणी म्हटले तर त्यात इंग्रजी शब्द शोधून सापडणार नाही, तरी तो विचार इंग्रजीत सुचलेला आहे. मराठी माणूस इथे 'शेवटी काय' एवढेच म्हणाला असता. शब्दांची झडती घेणाऱ्या पहारेकऱ्यासमोरून अशी वाक्ये बिनबोभाट आत जातात. कुपवाडची सरमिसळ शेजाराच्या गरजेतून झाली, तिला नावे ठेवायचे कारण नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की शब्द मोजून भाषेची प्रकृती कळत नाही.

मग पॉडकास्टमध्ये काळजीचे असे काही नाहीच का? आहे. ते मला एका श्रोत्या बाईंनी दाखवून दिले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मोबाइल ओट्यावर उभा करून ऐकत असतात. त्यांना मधुमेह आहे, म्हणून एका डॉक्टरांची मुलाखत त्यांनी लावली होती. डॉक्टर छान बोलत होते. शुगर, इन्सुलिन, रिपोर्ट, बीपी, किडनी हे शब्द सतत येत होते आणि मावशी एकाही शब्दाला अडल्या नाहीत. हे शब्द त्यांचेच आहेत. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांनी ते कमावले आहेत. पुढे मुलाखत घेणाऱ्याने विचारले, ''मग डॉक्टर, आता करायचं काय?'' आणि डॉक्टर मन लावून म्हणाले, ''सी, मेडिसिन इज ओन्ली हाफ द बॅटल. इट्स ऑल अबाउट लाइफस्टाइल मॉडिफिकेशन, अँड कन्सिस्टन्सी इज द की.'' मुलाखत घेणारा म्हणाला, ''वा, ॲब्सोल्यूटली.'' आणि विषय पुढे गेला.

मावशींनी लाटणे थांबवले. ''ताई, काय करायचं म्हनाले ओ? एवढं सगळं कळलं, न् नेमकं तेवढंच नाही कळलं.''

श्रोतेहो, इथे शब्दांचे मिश्रण आड आले नव्हते. आड आला तो पालट, आणि तोही नेमक्या मोक्याच्या जागी. तेव्हापासून मी या गप्पा कान देऊन ऐकू लागले, आणि एक रीत पुन:पुन्हा दिसू लागली. किस्सा मराठीत, निष्कर्ष इंग्रजीत. गावाकडची शाळा, आजीचा स्वभाव, पहिला पगार, मालकाशी झालेली खडाजंगी, हे सगळे रसाळ मराठीत येते. आणि त्यातून काय शिकलो, काय ठरवले, तुम्ही काय करावे, हे सांगायची वेळ आली की रूळ बदलतात. जणू मराठी गंमतीची आणि इंग्रजी विचारांची! बोलणाऱ्याच्या मनात तसे नसते. त्याने तो विषय पुस्तकांतून, वर्गांतून, कचेरीतून इंग्रजीतच हाताळलेला असतो, त्यामुळे तयार वाक्य त्याच भाषेत जिभेवर येते. पण ऐकणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो हाच.

पालटाची दुसरी जागा म्हणजे अवघड भावना. घटस्फोट, नैराश्य, मासिक पाळी, वडिलांशी तुटलेले नाते हे विषय आले की इंग्रजी आडोशासारखी मध्ये घेतली जाते. 'आय वॉज ब्रोकन' म्हणणे त्या माणसाला झेपते, तेच मराठीत म्हणायला गेले तर कदाचित गळा दाटून येईल. या पालटाला मी दोष देणार नाही. आडोसा मिळाला म्हणून माणूस निदान बोलला. कितीतरी गोष्टी मराठी घरांत वर्षानुवर्षे बोलल्याच जात नव्हत्या, त्या आज कानांवर येत आहेत, हे या माध्यमाचे मोठेच देणे आहे. फक्त एवढेच, की ज्या मुलीला हे ऐकण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तिची शाळा मराठी असेल तर आडोशाच्या पलीकडचे तिला दिसत नाही.

आता प्रश्न असा की डॉक्टरांनी मावशींशी समोरासमोर बोलताना हेच वाक्य टाकले असते का? मला खात्री आहे, नसते टाकले. दवाखान्यात ते म्हणाले असते, ''गोळी निम्मं काम करते. बाकीचं तुमच्या हातात. रोज चाला, रात्रीचं लवकर जेवा, आणि एक दिवसही चुकवू नका.'' माणूस समोरच्याला पाहून भाषा निवडतो, हे तर आपण जन्मभर करतो. ॲलन बेल या न्यूझीलंडच्या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ साली रेडिओवरच्या वृत्तनिवेदकांविषयीचे एक मजेशीर निरीक्षण मांडले. एकाच इमारतीतून दोन केंद्रांच्या बातम्या दिल्या जात आणि काही निवेदक दोन्हीकडे वाचत. माणूस तोच, काम तेच, बातम्याही त्याच धर्तीच्या. तरी राष्ट्रीय केंद्रावर 'बेटर', 'रायटर'मधला 'ट' ते ठसठशीत उच्चारत आणि स्थानिक केंद्रावर तो 'ड'कडे झुके. बदलला होता तो फक्त पलीकडचा श्रोता, आणि तोही निवेदकाला दिसत नव्हता. त्यांच्या मनात मात्र तो होता.

पॉडकास्टची अडचण इथेच आहे. समोर माइक असतो, पण नजर समोरच्या मित्राकडे असते. तोही आपल्याच शाळेतला, आपल्याच वयाचा, तीच पुस्तके वाचलेला. दोघांच्या दृष्टीने ते बोलणे अगदी नैसर्गिक असते. पण ऐकणारा तिसरा आहे, आणि तो बार्शीत असेल, बडोद्यात असेल, बोस्टनमध्ये असेल. गंमत अशी, की बोस्टनमध्ये वाढलेल्या मराठी मुलीला किस्सा अवघड जातो आणि निष्कर्ष कळतो. बार्शीच्या बाईंना किस्सा कळतो आणि निष्कर्ष निसटतो. दोघींनाही अर्धाच कार्यक्रम मिळतो.

म्हणून मिश्रण थांबवा असे मी सांगणार नाही. ते थांबत नाही आणि थांबवायचे कारणही नाही. पाहुण्याला मध्येच टोकून 'मराठीत बोला' म्हणणे तर सर्वांत वाईट. बोलणाऱ्याचे अवसान जाते आणि गप्पांचा जीवच निघून जातो. माझी सूचना लहान आहे आणि ती मुलाखत घेणाऱ्यांसाठी आहे. पाहुण्याने मुद्द्याचे वाक्य इंग्रजीत टाकले, की 'ॲब्सोल्यूटली' म्हणून पुढे जाऊ नका. 'म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं?' एवढे विचारा. बहुतेक वेळा जे उत्तर येईल ते मूळ वाक्यापेक्षा चांगले असेल. कारण 'कन्सिस्टन्सी इज द की' हे तयार वाक्य आहे, ते उचलून ठेवता येते. 'एक दिवसही चुकवू नका' म्हणताना मात्र आपण काय सांगतो आहोत याचा विचार करावा लागतो.

यात मराठीचाही स्वार्थ आहे. भाषा शब्द उसने घेतल्याने मरत नाही, हे आपण पाहिले. पण एखाद्या विषयात निष्कर्ष काढण्याचे काम तिच्याकडून काढून घेतले, तर त्या विषयापुरती ती हळूहळू गोष्टी सांगण्यापुरतीच उरते. सरावाने जशी ती घडते, तशीच सराव सुटला की बोथट होते. आज नोकरी, पैसा, आरोग्य, मन, नातेसंबंध यांवर मराठीत जितके बोलले जाते आहे, तितके सर्वांना ऐकू जाईल असे पूर्वी क्वचितच बोलले गेले असेल. ही संधी आहे.

आणखी एक. फारसी मराठीत मिसळत होती तेव्हा बाजारात, सदरेवर, माजघरात माणसे कशी बोलत होती हे ऐकण्याचे कोणतेही साधन आपल्याजवळ नाही. उरली ती कागदपत्रे, आणि कागदावर माणूस सावरून बसतो. आपल्या काळाचे तसे होणार नाही. आपले अडखळणे, हसणे, रूळ बदलणे, सगळे आवाजात साठते आहे. पुढे कधी कोणी ते उघडून ऐकेल, तेव्हा आपल्या मराठीत इंग्रजी शब्द किती होते याचे त्याला फारसे नवल वाटणार नाही. बरेचसे तोवर त्याचेच झालेले असतील. तो ऐकेल ते हे, की ही माणसे महत्त्वाचे बोलताना कोणाकडे तोंड करून बोलत होती.